घर, गोठा, डोरलं: कर्जबाजारी माणसाच्या धास्तीची शंभर वर्षं

नादारीचा अर्ज करावा का, हा विचार ज्याच्या मनात येतो तो माणूस वकिलाकडे जाण्याआधीच काही प्रश्नांनी पोखरलेला असतो. राहतं घर जाईल का? बेलीफ बैल सोडून नेईल का? आपल्याला तुरुंगात टाकतील का? मागे पोरांच्या डोक्यावर हे ओझं राहील का? बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या गावांत हे प्रश्न आज विचारले जातात, तसेच आजोबा-पणजोबांच्या काळातही विचारले जात होते. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कायद्यात केव्हाच लिहिलेली होती. ती गावापर्यंत पोचली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

वऱ्हाडात कापसाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर कर्जही आलं. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला चढा भाव मिळाला. पुढे भाव उतरला, पण सावकाराचं खातं मात्र चालूच राहिलं. त्या काळी वऱ्हाडच्या कर्जदाराला दामदुपटीचा आधार होता: एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. जमीन मात्र विकता येण्याजोगी झालेली होती, आणि वसुलीची नजर तिच्यावरच असे.

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आलं. या मागोव्यात माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं पान ते आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, शेतकऱ्याची अवजारं, शेती करायला लागणारी गुरं आणि बियाणं यांवर जप्ती आणता येत नाही. शेतकरी स्वतः राहतो ते त्याचं घरही त्यात आलं; मजुराच्या घराची भर १९७६च्या दुरुस्तीने पडली. म्हणजे शेतकऱ्याच्या घरचं डोरलं, बैलजोडी आणि डोक्यावरचं छप्पर १९०८पासून सुरक्षित आहे. यात मेख एवढीच, की घर गहाण टाकलेलं असेल तर हे कवच उपयोगी पडत नाही. आणि शेतजमीन या यादीत नाही. ही गोष्ट लपवून कुणाला धीर देणं मला पटत नाही.

१९२०मध्ये प्रांतिक नादारी कायदा आला. मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९चा वेगळा कायदा होता. बुलढाण्याला १९२०चा लागू झाला. कर्ज पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त असेल आणि फेडणं शक्य नसेल, तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. मोताळ्याच्या माणसाला त्यासाठी राजूर घाट चढून बुलढाण्याला जावं लागतं. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय घेणेकरी स्वतंत्रपणे मागे लागू शकत नाहीत. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो.

तुरुंगाची भीती अगदीच निराधार नव्हती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद होऊ शकते, पण १९३६च्या दुरुस्तीने तिला बांध घातला, आणि १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केलं की नुसती ऐपत नसणं हे कैदेचं कारण होऊ शकत नाही. ऐपत असून दडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या हप्त्यापायी दाराशी कुणी ‘उचलून नेऊ’ म्हणतो तेव्हा हे एक वाक्य त्या बाईला माहीत असायला हवं.

मुलांचा प्रश्न सगळ्यांत जिव्हाळ्याचा. बापाचं ऋण मुलाने फेडलंच पाहिजे, हे हिंदू कायद्यात पूर्वी बंधन होतं. ९ सप्टेंबर २००५पासून, त्यानंतर काढलेल्या कर्जापुरतं, ते संपलं. वारसाला जे मिळालं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. वडिलांनी काही मागे ठेवलंच नसेल, तर पोराच्या पगाराला त्या कर्जासाठी हात लावता येत नाही.

जामीनदाराच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. कर्जदाराला नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१खाली मिळणाऱ्या वसुली दाखल्यावर त्याचंही नाव असतं. जामिनाची ही सही भावकीतली, सोयरिकीतली असते, म्हणून माणसं अर्ज करत नाहीत. ही लाज खरी आहे, आणि तिच्यावर कायद्याकडे औषध नाही. घाबरून शेत बायकोच्या नावावर करण्याचा सल्लाही फसवा: नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांतली अशी फुकट बदली न्यायालय रद्द करू शकतं. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही.

नादारीचा हा रस्ता असूनही लोक त्यावर का आले नाहीत? माझ्या मते, माफीची वाट पाहण्यात हा रस्ता झाकला गेला. राज्याच्या १९७५च्या अध्यादेशाने अल्पभूधारक, शेतमजूर आणि कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द केली. त्याच्या जागी आलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये उचलून धरला. २००६च्या पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये बुलढाणा होता. मग २००८ची केंद्राची माफी, राज्याची २०१७ची दीड लाखांपर्यंतची, २०१९ची दोन लाखांपर्यंतची. शेवटच्या तिन्ही संस्थांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. दवाखान्यासाठी, लग्नासाठी, हातउसने घेतलेल्या पैशांना त्यांत जागा नव्हती. त्यात २०१२मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला परवाना नाकारला, आणि २०१४च्या केंद्राच्या मदतीने ती सावरेपर्यंत सोसायटीच्या पीककर्जावर जगणाऱ्याला दुसरी दारं ठोठावावी लागली. ती दारं महाग होती.

२०१६च्या नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ असं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. गावातला, मातीच्या का होईना पण स्वतःच्या घरात राहणारा माणूस त्यात बसणारच नाही. तसंही व्यक्तींसाठीचा तो भाग १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला. बाकीच्यांसाठी अजून १९२०चाच कायदा.

अर्ज करणाऱ्याने सगळ्या देण्यांची आणि जवळच्या सगळ्या वस्तूंची खरी यादी करून न्यावी. लपवलेलं नंतर उघड झालं तर मुक्तता अडते. मालमत्तेतून रुपयात आठ आणेही निघत नसतील तर न्यायालयाला पूर्ण मुक्तता नाकारावी लागते, पण पाऊस, आजार, अशा आपला दोष नसलेल्या कारणांनी तसं झालं हे पटवलं तर ती मिळू शकते. दवाखान्याची बिलं आणि पीक बुडाल्याचे पंचनामे म्हणूनच जपून ठेवावेत. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.