चक्कर कधी येते, ते सांगा

भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं, झोक जाणं. मराठीत या त्रासाला शब्दांची कमतरता नाही, पण दवाखान्यात शिरलं की सगळ्याची मिळून एक ‘चक्कर’ होते. मग मानेचा एक्स-रे निघतो, ‘मणक्यात गॅप आहे’ असं कळतं, गळ्यात पट्टा येतो आणि गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज कधीच चक्कर न आलेल्यांच्या एक्स-रेतही सर्रास दिसते. तेवढ्यावरून मानेवर खापर फोडणं चूक आहे. दुसरी जुनी सवय म्हणजे चक्कर ‘कशी’ वाटते यावरून निदान करणं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर पुष्कळ रुग्णांचं उत्तर बदलतं. किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, ही उत्तरं त्या मानाने पक्की राहतात. निदानाचा धागा तिथूनच पकडायला हवा.

कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेले असतात. ते तपासायला एक खाट पुरते. बसलेल्या रुग्णाचं डोकं ४५ अंशांत वळवून, ते कडेखाली किंचित लोंबेल असं त्याला झटकन आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. दोन-चार सेकंद काहीच घडत नाही. मग बुबुळं आपोआप झटके देत फिरू लागतात. १९९२ मध्ये जॉन एपली यांनी मांडलेल्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवलं, की हे कण पुष्कळदा एक-दोन खेपांतच मूळ जागी जातात. गोळीने ते जागचे हलत नाहीत. उभं राहताच अंधारी येत असेल, तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजावं. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला, तर चालू औषधांची यादी आधी तपासावी. आणि तीन महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, उभं असताना किंवा गर्दीत डुलल्यासारखं वाटत असेल, तर तो एक स्वतंत्र आजार असू शकतो, आणि त्याच्या निदानाचे निकषही २०१७ पासून ठरलेले आहेत. स्कॅन स्वच्छ आला म्हणून अशा माणसाला ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

स्कॅन टाळला आणि मेंदूचा आजार निसटला तर, ही भीती रास्तच. अचानक चक्कर येऊन बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठावं. एका कानाचं ऐकणं कमी होत असेल, तर एमआरआयला अर्थ आहे. सरसकट सगळ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही. तोल सावरण्याच्या व्यायामाने चक्कर वाढते, असंही रुग्ण म्हणतात. सुरुवातीला वाढते हे खरं, पण त्या हालचालींना तोंड देतच मेंदू नव्याने तोल शिकतो, आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर हे शिकणंच मंदावतं. सिनारिझिनसारख्या औषधाने तर वयस्कर माणसांत कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. गोळी मनाने बंद करू नका. पण पुढच्या वेळी चक्कर कधी, किती वेळ, कशाने येते ते कागदावर लिहून न्या, आणि ही गोळी किती दिवस घ्यायची, हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.