चित्रातल्या स्वयंपाकघरात वाजले किती?

इचलकरंजीच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा ‘ब्लेंडर’ या मोफत संगणक-प्रणालीत मी त्याचं चित्र तयार केलं. आईनं ते पाहून विचारलं, “इथं वाजलेत किती?”

प्रश्न नेमका होता. कुठं अंधार राहू नये म्हणून मी चहूकडून सारखाच उजेड सोडला होता. सावल्या पुसल्या गेल्या होत्या. खरा उजेड एका बाजूनं येतो, भिंतीवर आदळतो आणि परतताना भिंतीचा रंग घेऊन येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये लाल-निळ्या भिंतींच्या एका खोक्याचं संगणकचित्र काढून हेच दाखवलं : शेजारच्या पांढऱ्या पृष्ठांवर त्या रंगांची झाक उतरते. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या देवघेवीचं समीकरण मांडलं. आजच्या वास्तवदर्शी संगणकचित्रांचा पाया तेच.

मग मी तो वरचा उजेड काढून टाकला. कडप्प्याच्या ओट्याची सुरीसारखी कड दोन मिलिमीटर गोल केली; खऱ्या कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, ती त्या गोलाईमुळंच. चकाकीही सगळीकडे सारखी ठेवली नाही. (डाग घातले की चित्र खरं वाटतं, हा नवशिक्याचा समज. माझाही होता.)

दुसरं चित्र रात्रीचं, छताला फक्त ट्यूबलाइट. आई बराच वेळ बघत राहिली. “दिवा माझ्या पाठीमागं आहे रे. भाकरी थापताना परातीवर माझीच सावली पडणार.”

पहिल्या चित्रात हे दिसणं शक्यच नव्हतं. वायरमनला थांबवून ओट्यावरच्या कपाटाखाली दिव्याची जागा काढली.