दुसऱ्याच्या हाती फोन न देता

मोबाइलवरची बटणं गेली आणि गुळगुळीत काच आली, तेव्हा डोळस लोकांना ती मोठी सोय वाटली. दृष्टिहीनांची मात्र होती ती सोय गेली. बटणांच्या फोनवर 5 या आकड्यावर एक बारीक उंचवटा असायचा. अंगठा तिथे टेकला की बाकीचे आकडे आपोआप सापडत. नोकियाच्या काही फोनमध्ये ‘टॉक्स’ नावाचं सॉफ्टवेअर घालून घेता यायचं. त्याचे पैसे वेगळे पडत, पण ते नावं, नंबर, मेसेज वाचून दाखवायचं. 2007 साली पहिला आयफोन आला आणि त्याच्या काचेवर बोटाला लागेल असं काहीच नव्हतं. पाठोपाठ सगळा बाजार त्याच वाटेने गेला. मोबाइल ॲप कुणाला वापरता येतं आणि कुणाला नाही, या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

दोनच वर्षांनी, जून 2009 मध्ये, ॲपलने आयफोन 3जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर फोनच्या आतच, जादा पैसे न घेता दिला. काचेवरून बोट फिरवायचं, बोटाखाली जे असेल ते ऐकू येतं, हवं ते सापडलं की दोनदा टॅप करायचं. त्याच वर्षी अँड्रॉइड 1.6 बरोबर टॉकबॅक आलं. त्यामागे गूगलमधला ‘आइज-फ्री’ प्रकल्प होता आणि त्यातलं एक नाव आपल्याकडे व्हायला हवं तेवढं झालेलं नाही. ते नाव टी. व्ही. रामन. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठ असं त्यांचं शिक्षण झालं. गणिती मजकूर आवाजात कसा मांडावा, यावर त्यांनी 1994 साली पीएचडी केली.

रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी काचेवर नंबर लावण्यासाठी जी रचना केली, ती मला आजही या क्षेत्रातल्या सर्वांत देखण्या रचनांपैकी एक वाटते. त्यांनी आकड्यांच्या जागा पक्क्या ठेवल्याच नाहीत. बोट जिथे पहिल्यांदा टेकेल तिथे 5. तिथून वर सरकवलं की 2, खाली 8, डावीकडे 4, तिरपं वर डावीकडे गेलं की 1. चूक झाली तर फोन नुसता हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जायचा. म्हणजे बटण शोधत बसायचं कामच उरलं नाही. आकड्यांची जी मांडणी वर्षानुवर्षं बोटांत बसलेली होती, तिचाच त्यांनी आधार घेतला. ज्याला फोन बघता येत नाही तोच तो घडवायला बसला होता, म्हणून हे सुचलं असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या काही वर्षांत हे तंत्र स्वस्त फोनपर्यंत उतरलं. 2011 च्या अँड्रॉइड 4.0 मध्ये स्पर्शाने स्क्रीन धुंडाळता येऊ लागली, 2012 च्या 4.1 मध्ये बोट बाजूला फेकून एकेका घटकावर जाता येऊ लागलं. फोन बोलायला लागला होता. आता ॲप बनवणाऱ्यांची पाळी होती.

ॲप किंवा कुठलंही सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे का, हे तपासायच्या पद्धती तोपर्यंत चांगल्या रुळलेल्या होत्या. जॉन ब्रूक यांची दहा विधानांची प्रश्नावली 1986 पासूनची. ती भरून घेतली की 0 ते 100 मध्ये गुण मिळतात आणि 68 च्या आसपास आले की ॲप सरासरी धरतात. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिख यांनी 1990 मध्ये तज्ज्ञांकडून दोष शोधून घ्यायची पद्धत मांडली. पाच माणसांना बसवलं तरी बहुतेक दोष हाती लागतात, हे नील्सन यांचं म्हणणं तर प्रत्येक कंपनीत तोंडपाठ असतं. पण ती पाच माणसं कोणती, हे कुणी विचारत नाही. ऑफिसातलीच पाच, सगळी तिशीच्या आतली, सगळ्यांची नजर धडधाकट, सगळ्यांच्या हाती महागडा फोन. मग सरासरी गुण छानच येतात. ज्याला पहिलं पानच उघडता आलं नाही तो त्या सरासरीत नसतोच. आयएसओ 9241-11 या मानकात उपयोगसुलभता ठरवायचे तीन निकष आहेत: काम पुरं झालं का, त्याला किती कष्ट पडले, माणूस समाधानी आहे का. आणि हे सगळं ठरावीक माणसांसाठी, ठरावीक परिस्थितीत मोजायचं. या ‘ठरावीक माणसां’तून आपल्याकडे वर्षानुवर्षं कोण वगळलं गेलं, ते 2016 साली उघडं पडलं.

त्या वर्षी यूपीआय सुरू झालं. 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि ज्यांनी कधी मोबाइलवरून रुपया पाठवला नव्हता त्यांच्यावरही ॲप उघडायची वेळ आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 27 डिसेंबरला आणि भीम ॲप आलं 30 डिसेंबरला. एकाच आठवड्यात देशाने एकीकडे पैसे मोबाइलवर नेले आणि दुसरीकडे माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता आलं पाहिजे असं कायद्यात लिहिलं. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदवले गेले होते. एवढी माणसं असूनही त्या आठवड्यातल्या या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे आठ-नऊ वर्षं गेली.

मधल्या काळात काय चालत होतं, ते मी चाचण्या घेताना जवळून पाहिलं आहे. वीजबिल भरायचं एक साधं ॲप घ्या. टॉकबॅक चालू केलेला माणूस बोटाने एकेक घटक पुढे जातो आणि फोन म्हणतो, “बटण, लेबल नाही.” पुढे, “बटण, लेबल नाही.” डोळ्यांना तिथे घराचं, घंटेचं, शोधायच्या भिंगाचं चित्र दिसतं, कानाला तिन्ही सारखीच. चित्रामागे एक शब्द लिहायचा राहिलेला असतो. प्रोग्रामरला तो लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याखाली आपोआप सरकणाऱ्या जाहिराती असतात. आपण तिसऱ्या ओळीवर असतो, जाहिरात बदलते आणि फोनचं लक्ष उडी मारून परत वर जातं. बिलाची रक्कम सापडली की शेवटी येते ‘पैसे भरण्यासाठी सरकवा’ ही पट्टी. स्क्रीन रीडर चालू असताना बोट सरकवणं म्हणजे पुढच्या घटकावर जाणं, त्यामुळे ती पट्टी हलतच नाही. एक चौकट खालून वर येते, तिच्यात ‘नक्की भरायचे का?’ असं विचारलेलं असतं, पण फोन अजून मागचं पानच वाचत बसलेला असतो. समोरचा माणूस थांबतो, मान तिरकी करून पुन्हा ऐकतो आणि मग विचारतो, “झालं का भरून?” पैसे गेले की नाहीत हे त्याला त्या क्षणी कळत नाही, आणि पैशाच्या बाबतीत ही अनिश्चितता भयंकर असते.

मराठी ॲपचं दुखणं आणखी वेगळं. मजकूर मराठीत असतो, पण फोनमधला आवाज इंग्रजीचा लावलेला असेल तर देवनागरीशी येऊन तो चक्क गप्प बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं पान रिकामं आहे. पानावरचा मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे ॲपने फोनला सांगायचं असतं. बहुतेक ॲप सांगत नाहीत, आणि अशी चाचणी करा म्हणून कुणी मागतही नाही.

यंत्राने तपासणी करणारी साधनं आली. गूगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर 2016 पासून फुकट मिळतं. लेबल नाही, अक्षरांचा रंग फिका आहे, बटण फार लहान आहे, हे ते लगेच दाखवतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा, अँड्रॉइडवर बटण 48 एककांचं आणि आयफोनवर 44 चं हवं, हे आकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2018 च्या 2.1 आवृत्तीत मोबाइलचा नीट विचार केला, 2023 च्या 2.2 मध्ये त्यात भर पडली. हे सगळं हवंच. पण बटणाला ‘आयकॉन 24’ असं लेबल दिलं तरी यंत्र त्याला पास करतं, कारण लेबल आहे. त्याचा अर्थ लागतो का, हे माणसाला बसवून ऐकवल्याशिवाय समजत नाही.

एक गोष्ट मात्र ॲपच्या बाहेरून आली आणि ॲपवर ढकलली गेली. जुन्या मालिकेत शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब आणि पाचशेची 167. दहा मिलिमीटरचा फरक बोटांना कळायचा. नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे या नोटा अनुक्रमे 142, 146 आणि 150 मिलिमीटर लांबीच्या झाल्या, रुंदी तिघींची सारखीच 66. चार मिलिमीटर! नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही मुंबईची संस्था नोटांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 रोजी ‘मनी’ हे ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत सांगतं, इंटरनेट नसलं तरी चालतं, घडी घातलेली नोटही ओळखतं. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, आणि तसं बँकेने स्पष्ट केलेलं आहे. ॲप म्हणून ते नेटकं आहे. पण ते वापरायची जागा कोणती? एसटीत कंडक्टर समोर उभा आहे, गाडी हलते आहे, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पाकीट. आता फोन कुठल्या हातात धरायचा? जे काम बोटं क्षणात करत होती, त्यासाठी आता फोन, कॅमेरा आणि उजेड लागतो. एक सोय काढून घ्यायची आणि तिच्या जागी ॲप द्यायचं, याला मी प्रगती म्हणणार नाही.

2021 च्या उन्हाळ्यात या प्रश्नाला जीवनमरणाचं रूप आलं. 18 ते 44 वयाच्या लोकांना कोविडची लस हवी असेल तर आधी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात कोविनच्या उणिवा मुद्देसूद नोंदवल्या: कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही, वयोगट, लसीचं नाव, मोफत की विकत असे चाळणीचे पर्याय स्क्रीन रीडरला हाताळता येतील असे केलेले नाहीत. न्यायालयाने सुगम्यतेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. एखाद्या सरकारी सेवेच्या स्क्रीनची अशी घटकागणिक चिकित्सा देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने करावी, याचं मला त्या वेळी समाधान वाटलं आणि दुःखही झालं. जे काम लाँचच्या आधी चाचणीच्या टेबलावर व्हायला हवं होतं, ते महासाथीत कोर्टात झालं.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात राजीव रतुरी यांच्या सुगम्यतेविषयीच्या याचिकेवर निकाल आला. ही याचिका 2005 सालची. कायदा सुगम्यता बंधनकारक म्हणतो आणि त्याखालचा नियम 15 मात्र नुसत्या शिफारशी करतो, ही विसंगती सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने दाखवून दिली आणि सक्तीचे निकष ठरवायला केंद्राला तीन महिने दिले.

त्यानंतर 30 एप्रिल 2025 चा निकाल. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँक खातं उघडताना डोळे मिचकावून दाखवायला सांगण्यात आलं होतं. त्यांना पापण्या मिटता येत नाहीत. समोर बसलेलं जिवंत माणूस केवळ पापणी लवत नाही म्हणून ॲपच्या लेखी जिवंत ठरत नव्हतं. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. त्यांच्यापुढच्या अडचणी वेगळ्या: सेल्फीत चेहरा चौकटीत बसवायचा, कागदाचा फोटो नीट काढायचा, ओटीपी वेळेत टाकायचा, आणि यातलं काहीच ॲप बोलून सांगत नाही. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. पापणी मिटण्याला पर्याय द्या, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, ठरावीक काळाने प्रमाणित तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निर्देश असा, की ॲप किंवा वेबसाइट घडवताना आणि नवं काही सुरू करताना वापरकर्त्यांच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्यावं.

‘नवं काही सुरू करताना’ हे त्यातलं कळीचं आहे. महिनाभर खपून बटणांना लेबलं लावून घ्यावीत, सगळं चालतंय असं पाहावं, आणि पुढच्या अपडेटमध्ये रंगरूप बदलताना ती पुसली जावीत, हे या कामातल्या प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. काल स्वतःचं बिल स्वतः भरणारा माणूस आज सकाळी शेजाऱ्याच्या हाती फोन आणि सोबत पिनही देतो. म्हणून ॲपचं मूल्यमापन एकदा करून प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं काम नाही. माझ्या लेखी त्याची कसोटीही एकच आहे: दुसऱ्याच्या हाती फोन न देता काम तडीस गेलं का?

ही कसोटी लावली की दृष्टिहीनांच्या पलीकडचे लोकही दिसू लागतात. अक्षरं दुप्पट मोठी करून फोन वापरणाऱ्या आजोबांना ‘पुढे’ हे बटण स्क्रीनच्या खाली गेल्यामुळे सापडत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांचं बोट शेजारच्या बटणावर पडतं. ऐकू न येणाऱ्याला पडताळणीचा फोन कॉल घेता येत नाही. या कुणालाही त्या पाच माणसांत अजून जागा मिळालेली नाही.

निकालानंतर कंपन्यांकडून तपासणीसाठी विचारणा वाढली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेकदा ॲप बाजारात आल्यावर, अहवाल जोडायचा आहे म्हणून ती येते. चाचणीला बसणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला तिच्या वेळेचं मानधन द्यायला हवं. तिला कच्च्या आराखड्याच्या टप्प्यावर बोलवायला हवं आणि प्रत्येक अपडेटच्या आधी पुन्हा बोलवायला हवं. चाचणी मराठी आवाज लावूनही व्हायला हवी, आणि साध्या, दोन-तीन वर्षं जुन्या फोनवर व्हायला हवी, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो. बँकेचे ग्राहक म्हणून आपणही शाखेत किंवा तक्रारीच्या ईमेलमध्ये विचारू शकतो: या नव्या आवृत्तीच्या चाचणीला कोण कोण बसलं होतं, आणि त्यांना सापडलेल्या दोषांपैकी किती दुरुस्त झाले?