सल्ल्याचा टंच
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या हुपरी गांवांत घरोघर चांदीचें काम चालतें. कितीहि ओळखीच्या माणसानें चांदी आणली तरी येथील कारागीर तिचा टंच पाहिल्यावांचून ती घेत नाहीं. परंतु त्याच कारागिराच्या घरीं बाळ जन्मास आलें, म्हणजे शेजारीण, आत्या, मावशी आणि अलीकडे मोबाईल, जें जें सांगतील तें टंच न पाहतां स्वीकारलें जातें. चांदींत खोट निघाली तर पैसा जातो. सल्ल्यांत निघाली तर काय जाऊं शकतें, हें मीं स्वतःच्या घरीं पाहिलें आहे.

माझी नात जन्मल्यावर सहाव्या दिवशीं अंगावर पिईना व सारखी झोपून राहूं लागली. “गुणी मूल आहे, झोपूं द्या,” असें म्हणणारांत मीच पहिला होतों. दुसऱ्या दिवशीं ठरल्याप्रमाणें आशाताई आल्या. त्यांनीं घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले, पोटाला व तळव्यांना हात लावून पाहिला आणि तात्काळ दवाखान्यांत नेण्यास सांगितलें. जंतुसंसर्ग झाला होता. नात वांचली, पण जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या मला मिनिटभर श्वास मोजावे एवढें सुचलें नव्हतें.

ह्या मोजण्यामागें मोठा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९९३ ते १९९८ ह्या काळांत एक प्रयोग केला. ३९ खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना नवजात अर्भक घरीं जाऊन तपासण्याचें, आजार ओळखण्याचें व त्यावर उपचार करण्याचें शिक्षण दिलें. तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें, तेथील नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पुढें २०११ सालीं सरकारनें ह्याच धर्तीवरील काम देशभरच्या आशांकडे सोंपविलें. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं, आणि घरीं जन्मलेल्यास पहिल्याहि दिवशीं, भेट द्यावयाची असते.

तर मग सल्ल्याचा टंच कसा काढावा? तीन प्रश्न विचारावे. सांगणारा कांहीं विकीत तर नाहीं ना? डब्यांतील बालदुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें बंदी घातली, ती ह्याच भीतीनें. सांगणाऱ्यानें आपलें बाळ डोळ्यांनीं पाहिलें आहे काय? आणि वैद्यानें दिलेल्या औषधाखेरीज दुसरें कांहीं बाळाच्या तोंडांत, डोळ्यांत वा बेंबीवर घालावें लागतें काय? तसें असेल तर तो सल्ला बहुधा खोटाच समजावा. मधांत अर्भकाला घातक ठरणाऱ्या जंतूंचीं बीजें असूं शकतात. काजळांत शिसें असूं शकतें. नाळेवर लावलेलें तेल वा राख जंतूंना वाट देते. नाळ कोरडी व स्वच्छ राहिली, म्हणजे आपोआप गळून पडते. पहिला चीक टाकून देऊं नये, त्यांत रोगप्रतिकारक द्रव्यें असतात. सहा महिने आईचें दूधच पुरे. वरचें पाणीहि नको.

आजीबाईंचें सर्वच टाकाऊ नव्हे. बाळाला उराशीं धरून ऊब द्यावी, डोकें झांकावें, येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं त्याला हाताळूं नये, हें त्यांचें सांगणें बावनकशी आहे. शेगडीचा धूर मात्र वर्ज्य करावा.

परंतु कांहीं प्रसंगीं सल्लाच विचारीत बसूं नये. बाळ पिईनासें झालें, शांत असतां मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेऊं लागलें, श्वासाबरोबर छाती आंत ओढली जाऊं लागली, आंचके आले, अंग तापलें वा गार पडलें, पहिल्याच दिवशीं कावीळ दिसली अथवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर रात्र असो वा दिवस, दवाखाना गांठावा.

आशांच्या भेटींच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या, आणि भेट चुकल्यास आपण होऊन बोलवावें. जेथें आशा येत नाहीं तेथें बालरोगतज्ज्ञांकडून तपासणीचे दिवस आधींच ठरवून घ्यावे. बाळाच्या पायांत वाळे घालतांना आपण चांदीचा टंच विचारतोंच. बाळाविषयीं मिळणाऱ्या सल्ल्याचाहि विचारूं या.