बहिणीचा हिस्सा कोणत्या दराने?

वारसाने आलेल्या घरावर आज कर नाही. मृत्युकर 1985 मध्येच रद्द झाला. तरी मूल्यांकन लागतं ते वाटणीसाठी आणि पुढे घर विकलं तर आयकरासाठी. या दोन किमती वेगळ्या, त्यांच्या तारखाही वेगळ्या.

वडिलांचं स्वकष्टार्जित घर, मृत्युपत्र नाही. अशा हिंदू कुटुंबात 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. भाऊ घर ठेवून बहिणीला पैसे देणार असेल, तर वाटणीच्या वेळचा बाजारभाव धरावा. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला विभागाचा दर. एकेका घराची अवस्था त्यात दिसत नाही. केवळ त्यावरून बहिणीचा हिस्सा काढणं मला अन्यायाचं वाटतं.

उल्हासनगरात तर बाजारभावाआधी कागद पाहावा लागतो. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले आणि पुढे मालकीचा आधार ठरली ती सनद. ती अजून आजोबांच्या नावावर, वर दोन मजले विनापरवाना, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, असं असेल तर बँका कर्जाला कचरतात, गिऱ्हाइकं घटतात आणि भाव पडतो. अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी या शहरापुरता 2006 चा खास कायदा आहे. घर त्यात बसत असेल, तर नियमित करण्याचा खर्च मूल्यांककाने किमतीतून वजा करून दाखवायलाच हवा.

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. तिथल्या जुन्या घराला पुनर्विकासाचा भाव लावणं चूक. बदलापूरने 2005 आणि 2019 चे पूर पाहिलेत. नदीकाठी तळमजला आणि तिसरा मजला एकाच दराने मोजू नयेत.

आयकराचा हिशेब निराळा. वडिलांनी 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेलं घर विकताना त्या दिवसाची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. मात्र तेव्हाचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून जास्त नाही. घर नंतर घेतलं असेल, तर त्यांची खरेदी किंमत. वडील वारले त्या दिवसाचा भाव इथे लागत नाही.

म्हणून मूल्यांककाला उद्देश आणि तारीख लेखी द्यावी. सोबत सनद किंवा खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती. अहवालाची प्रत प्रत्येक वारसाला मिळावी, लग्न होऊन गेलेल्या बहिणीलाही, आणि तीही हक्कसोडपत्रावर तिची सही मागण्याआधी.