नव्या वेल्डरला पुळ्यात गिऱ्हाईक कुठून मिळतं?

गणपतीपुळ्यात वेल्डिंगचं दुकान टाकणाऱ्या मुलाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "पर्यटकांचं गाव आहे, हॉटेलं धर." तो अर्धाच खरा. नवं हॉटेल बांधणारा ठेकेदार बहुधा आपला फॅब्रिकेटर सोबतच घेऊन येतो. नव्या माणसाच्या वाट्याला येतं ते नंतरचं: तुटलेली बिजागरी, हलणारं रेलिंग, टाकीचा स्टँड. पण शनिवारच्या गर्दीआधी गेट सरळ करून देणाऱ्याचा नंबर मालक जपून ठेवतो.

दुसरा समज भावाचा. किलोमागे दोन-चार रुपये सोडले की काम आपलं, असं वाटतं. प्रत्यक्षात पातळ पाईप वापरणाऱ्याचं वजनच कमी भरतं, त्यामुळे त्याचा एकूण आकडा नेहमीच खाली राहणार. त्याच्याशी भावात झगडण्यापेक्षा कोटेशनवर पाईपची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. मग तुलना करणं गिऱ्हाइकाच्या हातात येतं.

सगळ्यांत महागात पडणारा समज गंजाचा आहे. "जीआय वापरलंय, आता बघायला नको!" जीआयला वाचवतो तो जस्ताचा थर, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो नेमका सांध्यापाशीच जळतो. गंज तिथूनच धरतो. सांधा घासून त्यावर झिंकचा रंग द्यावा लागतो. जळत्या जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडीताप भरतो. म्हणून तिथला थर आधी ग्राईंडरने काढावा आणि काम उघड्यावर करावं. स्टेनलेसही गंजत नाही असं नाही. स्वस्तातलं २०२ खाऱ्या वाऱ्यात लवकर डागाळतं, ३०४ त्याहून बरं, पण समुद्रासमोरच्या रेलिंगला ३१६ हवं. त्यातलं मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. एवढा खर्च झेपत नसेल तर साधं लोखंड आणि इपॉक्सी प्रायमर. मात्र टाके मारून न थांबता सांधा सलग भरायचा आणि पाईपची उघडी तोंडं बंद करायची, नाहीतर पाईप आतून सडतो आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. हे सगळं गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगणारा वेल्डर महाग वाटला तरी लक्षात राहतो.

"पावसात धंदा बंद" हेही पूर्ण खरं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात ओल्यात उघड्यावर वेल्डिंग करू नये, शॉक बसतो. पण ऑर्डरी याच दिवसांत ठरतात. कारण गणेशोत्सव. खुद्द पुळ्यात तेव्हा घरोघरी मूर्ती आणण्याची प्रथा नाही, देवळातलाच गणपती सगळ्यांचा. शेजारच्या मालगुंड-नेवऱ्याकडची घरं मात्र भाद्रपदात मुंबईच्या चाकरमान्यांनी भरतात. एरवी बंद असलेल्या घराची पडवी गळते, वासे वाळवीने खाल्लेत, हे त्यांना तेव्हाच दिसतं, आणि पैसे देणारा माणूस समोर असतो. तेव्हाच जाऊन माप घ्यावं, ॲडव्हान्स घ्यावा. काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावं आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मुंबईला पाठवावा, रंग देण्याआधीच्या सांध्यांचासुद्धा.