माळ्यावरचे धन

दिवाळी जवळ आली, की घरोघरी साफसफाईची लगबग सुरू होते. माळ्यावरील पेट्या खाली उतरतात, कपाटांचे खण रिकामे होतात आणि वर्षानुवर्षे दृष्टीआड झालेल्या वस्तू ओसरीवर मांडल्या जातात. आखूड झालेले सदरे, वाचून झालेली पुस्तके, पोचे आलेली पातेली, धाकट्याची तीनचाकी सायकल! ‘कधीतरी उपयोगी पडेल’ या आशेने आपण ती जपलेली असतात. परंतु तो ‘कधीतरी’चा दिवस बहुधा उगवतच नाही. धूळ झटकून त्याच वस्तू पुन्हा माळ्यावर जातात.

कोणतीही वस्तू केवळ जुनी झाल्याने अडगळ ठरत नाही. ती आपण अडवून ठेवतो, म्हणून ती अडगळ होते. तुमच्या पेटीत पडून असलेला लोकरीचा सदरा थंडीत कुडकुडणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगावर गेला, तर त्याचे मोल नव्या सदऱ्याहून उणे ठरत नाही.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगी लागे. जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी होई. बोहारीण दारी येऊन जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देई. ते कपडे धुऊन, सांधून बाजारात विकले जात आणि थोड्या पैशांत गरजूंच्या अंगावर वस्त्र येई.

हाच विचार घेऊन अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था स्थापन केली. आरंभ झाला तो स्वतःच्या घरातील ६७ कपड्यांनी! पुढे गावोगावचे लोक श्रमदानाने विहिरी खणू लागले, रस्ते व तळी दुरुस्त करू लागले आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून संस्था त्यांना कपडे देऊ लागली. त्यामुळे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली नाही. त्याने ते वस्त्र आपल्या कष्टांनी मिळवले होते. २०१५ साली गुप्ता यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

मात्र देण्यालाही विवेक हवा. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून मदतीचा ओघ लागला. परंतु त्यात आलेले कितीतरी कपडे तेथील लोकांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण घेणाऱ्याला काय हवे, हे त्यांनी विचारले नव्हते. आपल्या घरातील अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे, याला दान म्हणता येणार नाही.

म्हणून वस्तू देण्यापूर्वी ती स्वच्छ धुवावी, तुटलेली गुंडी लावावी, पुस्तकाची सुटी पाने चिकटवावीत. घेणाऱ्याची गरज आधी जाणून घ्यावी. आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘हीच वस्तू मला कोणी दिली असती, तर मी ती आनंदाने घेतली असती काय?’

उत्तर ‘होय’ आले, तर ती वस्तू निःशंक मनाने द्यावी. माळा मोकळा होईल, घर प्रशस्त वाटेल आणि कोठेतरी एक मूल त्या सदऱ्याची गुंडी लावून ऐटीत शाळेला निघेल.